कार्लोफोर्ते: सार्डिनियातलं जेनोवी गाव

आज जाऊया सार्डिनियाच्या नैऋत्येला, सान पिएत्रो बेटावरच्या कार्लोफोर्तेला. गंमत अशी की, गाव सार्डिनियातलं, पण लोक आजही घरात जेनोवाकडची बोली बोलतात. ती इथे आली कशी?

सोळाव्या शतकात जेनोवाजवळच्या पेली गावचे लोक पोवळी काढायला ट्युनिशियाजवळच्या ताबार्का बेटावर गेले आणि दोनशे वर्षं तिथेच राहिले. पुढे पोवळी कमी झाली, जाच वाढला. तेव्हा १७३८ मध्ये सार्डिनियाचा राजा कार्लो इमान्युएले तिसरा याने त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना हे निर्जन बेट दिलं. गावाच्या नावातला कार्लो तो हाच.

पण सुख कुठलं? सप्टेंबर १७९८ मध्ये ट्युनिसचे चाचे आले आणि नऊशेच्या आसपास माणसं उचलून घेऊन गेले. बायका, पोरं, सगळी! सुटका व्हायला १८०३ उजाडलं. नंतर बांधलेल्या तटबंदीचे अवशेष गावात अजून दिसतात. ते बघाच, पण त्याआधी ‘गुलामाची माता’ म्हणतात ती मेरीची लाकडी मूर्ती बघा. ट्युनिसमध्ये एका कैद्याला ती सापडली, असं सांगतात. तिचा उत्सव १५ नोव्हेंबरला.

आणि हो, जेवायला ‘कास्का’ मागा. भाज्या घातलेला कुसकुस, ताबार्काहून सोबत आलेला.