तबेल्यातला लाल रंग

वरातीचा घोडा असो, टांग्याचा असो की माथेरानला पर्यटकांना फिरवणारा; ज्या घरात घोडा आहे, त्या घराची चूल त्याच्या कमाईवर पेटते. त्याच्या दाणापाण्याची काळजी सगळेच घेतात. सामानाकडे मात्र लक्ष कमी असते. एकच खरारा चारही घोड्यांच्या अंगावरून फिरतो, एकाचा तोबरा दुसऱ्याच्या तोंडाला लागतो आणि सगळे एकाच बादलीत पाणी पितात.

रोग याच वाटेने पसरतो. गजकर्ण खराऱ्यातून जाते. ‘स्ट्रँगल्स’ या आजारात घोड्याला ताप येतो, नाकातून पू वाहतो, जबड्याखालच्या गाठी सुजून फुटतात. त्याचे जंतू बादली, लगाम आणि माणसाच्या हातांवरूनही दुसऱ्या घोड्यापर्यंत पोचतात. ग्लँडर्स तर माणसालाही होऊ शकतो. त्यावर लस नाही, आणि २००९च्या केंद्रीय कायद्यानुसार त्याची खबर देणे बंधनकारक आहे.

यावरचा एक उपाय अगदी स्वस्त आहे. प्रत्येक घोड्याला एक रंग ठरवून द्यावा: एकाला निळा, दुसऱ्याला पिवळा, तिसऱ्याला पांढरा. त्याची बादली, तोबरा, खरारा, लगाम, मोरखी आणि अंग पुसायचे फडके, सगळ्यावर त्याच रंगाची चिकटपट्टी किंवा ऑइलपेंटचा पट्टा. भिंतीवरची खुंटीही त्याच रंगाची. खोगीर आणि तंग अदलाबदल न झाल्याने पाठीला जखमाही कमी होतात.

लाल रंग मात्र कोणत्याही घोड्याला देऊ नये. तो आजाऱ्यासाठी राखून ठेवावा. ताप दिसताच घोडा वेगळा बांधावा, लाल सामान बाहेर काढावे आणि डॉक्टरांना बोलवावे. निरोगी घोड्यांचे काम आधी उरकावे, आजाऱ्याचे शेवटी. मग हात साबणाने धुवावेत. लाल सामान आधी घासून स्वच्छ करावे, नंतर जंतुनाशकात बुडवावे. स्ट्रँगल्समधून बरे झालेले काही घोडे पुढेही रोगजंतू बाळगतात, म्हणून घोडा पुन्हा इतरांत कधी बांधायचा, हे डॉक्टरांनाच विचारावे.

घोड्याला स्वतःला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. काही माणसांचेही, विशेषतः पुरुषांचे, तसेच असते. म्हणून रंगासोबत खूणही असावी: निळ्याला एक पट्टा, पिवळ्याला दोन, लालला फुली.

आम्ही शिक्षक पहिलीच्या वर्गात रंगीत चिठ्ठ्या लावतो, कारण अक्षर येण्याआधी मुलाला रंग कळतो. तबेल्यातही तेच. अब्बा उर्दू वाचतात, मुलगी मराठी, मदतीला येणारा पोऱ्या कदाचित काहीच नाही. निळी बादली निळ्या खुंटीला, एवढे तिघांनाही कळते. रंगांचा तक्ता घरातल्या मुलांकडूनच करून घ्यावा. मग मोठ्यांनी चुकीची बादली उचलली, तर टोकायला तीच पुढे येतील.