नोंदसंग्रहाचे सर्व्हरवरील स्थलांतर व त्यानंतरचे नोंददोष

बोलींचे शब्दसंग्रह, हस्तलिखितांच्या सूची, मोडी कागदपत्रांच्या याद्या यांसारखी सामग्री अनेकदा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये साठविली जाते. काम करणारांची संख्या वाढली की एका संगणकावरील ही व्यवस्था अपुरी पडते. मग तक्ते एसक्यूएल सर्व्हरवर नेले जातात व नोंदीचे जुने फॉर्म ॲक्सेसमध्येच ठेवून त्यांना जोडले जातात. स्थलांतर बहुधा सुरळीत पार पडते. अडचणी उद्भवतात त्या नवी नोंद करू लागल्यावर, आणि त्यांचा दोष नोंद करणाऱ्या साहाय्यकाच्या माथी येतो. हे बव्हंशी अन्यायाचे आहे. एकाच गोष्टीचा अर्थ दोन प्रणाली वेगवेगळा लावतात, यातच या दोषांचे मूळ असते.

जोडलेल्या तक्त्यात लिहिताच येत नसेल, तर सर्व्हरवर त्यास प्रायमरी की नाही असे समजावे. ओळ निश्चितपणे ओळखता न आल्याने ॲक्सेस तो तक्ता केवळ वाचनापुरता उघडते. की ठरवून तक्ता पुन्हा जोडला म्हणजे काम भागते.

याहून फसवा प्रकार निराळा आहे. बदल जतन करताना, ही नोंद दुसऱ्या कोणीतरी बदलली आहे, अशा आशयाची सूचना येते. प्रत्यक्षात त्या वेळी दुसरे कोणीही काम करीत नसते. सर्व्हरवरील ‘बिट’ रकान्यात होय, नाही आणि ‘नल’, म्हणजे काहीच न सांगितलेले, अशा तीन अवस्था संभवतात. ॲक्सेसच्या होय-नाही रकान्यास पहिल्या दोनच ठाऊक. ‘नल’ला ते ‘नाही’ समजते. जतन करण्यापूर्वी मूळ नोंद अद्याप तशीच आहे किंवा कसे, हे ॲक्सेस जुनी मूल्ये ताडून पाहते. त्या रकान्यात ‘नाही’ असलेली ओळ सर्व्हरवर सापडत नाही, आणि ती कोणीतरी बदलली असा निष्कर्ष निघतो. मौनाचा अर्थ नकार असा घेतल्याचा हा परिणाम होय. अशा रकान्यातील ‘नल’च्या जागी ० भरावे, पुढील नोंदींसाठी ० हेच गृहीत मूल्य ठरवावे आणि तक्त्यास ‘रोव्हर्जन’ प्रकारचा एक रकाना जोडावा. मग ॲक्सेस सर्व मूल्यांऐवजी तेवढाच ताडून पाहते. दशांश संख्यांच्या सूक्ष्म फरकांमुळे येणारी हीच सूचनाही त्याने थांबते.

इतिहासाच्या सामग्रीस तारखांची अडचण विशेष जाणवते. ॲक्सेस इ. स. १०० पासूनच्या तारखा स्वीकारते. सर्व्हरवरील ‘डेटटाइम’ १ जानेवारी १७५३ पासूनच्याच. ब्रिटनने १७५२ मध्ये पंचांग बदलले, त्याची ही खूण. परिणामी ६ जून १६७४ ही शिवराज्याभिषेकाची तारीख तेथे नाकारली जाते. ‘डेटटाइम२’ हा प्रकार योजल्यास ती बसते. मात्र जुन्या ओडीबीसी ड्रायव्हरमधून हा रकाना मजकूर म्हणून दिसतो, म्हणून ड्रायव्हरही नवा हवा.

खरी हानी होते ती अक्षरांची. ॲक्सेस २००० पासून मजकूर युनिकोडमध्ये ठेवते. सर्व्हरवर तक्ते हाताने रचताना मजकुरास सवयीने ‘व्हारचार’ हा प्रकार दिला, तर युटीएफ-८ निवडले नसल्यास देवनागरीला तेथे स्थानच नसते. ‘पाणी’ लिहिले असता ‘????’ साठविले जाते: दोन अक्षरे, पण संकेत चार. रकाना ‘एनव्हारचार’ केल्याने पुढील नोंदी वाचतात; गेलेली अक्षरे परत येत नाहीत. म्हणूनच मूळ ॲक्सेस फाइल पडताळणी पुरी होईपर्यंत पुसू नये.

रकाना बरोबर असूनही एक मराठी गुंता उरतो. ‘ॲ’ला स्वतंत्र संकेत मिळाला तो २००८ मधील युनिकोड ५.१ मध्ये, तत्पूर्वीच्या नोंदींत ते ‘अ’ व त्यावरील चंद्र असे दोन संकेतांनी लिहिलेले असते. डोळ्यांस ही रूपे एकच दिसली, तरी युनिकोड त्यांना समतुल्य मानीत नाही. त्यामुळे शोधात निम्म्या नोंदी निसटण्याचा संभव असतो, आणि एकच शब्द दोनदा आल्यास अनन्यतेचा नियम त्यास अडवीलच असे नाही. स्थलांतरापूर्वीच एक रूप निश्चित करून जुन्या नोंदी बदलून घ्याव्यात, आणि तेच रूपांतर फॉर्ममध्ये जतन होण्याआधी घडेल अशी योजना करावी.