पंचविसाव्या कलमातला उंबरा

कुरकुंभवरून जाणारा सोलापूरचा महामार्ग धरला, की पुढे टेंभुर्णीवरून पंढरपूर गाठता येतं. तुकोबांची पालखी मात्र कुरकुंभपर्यंत येत नाही. ती अलीकडे पाटसलाच महामार्ग सोडते आणि रोटी घाट चढून बारामतीकडे वळते. वाट कुठलीही असो, शेवट विठ्ठलाच्या एकाच दाराशी. आणि १९४७ सालापर्यंत ते दार सगळ्यांसाठी उघडत नव्हतं. वारीत टाळ कुटत चालत आलेल्या दलित वारकऱ्याला कळसाचं दर्शन घेऊन मागे फिरावं लागे. चोखोबांची समाधीही महाद्वाराबाहेरच आहे.

त्या वर्षीच्या मे महिन्याची पहिली तारीख बघा. साने गुरुजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, प्राणांतिक उपोषणाला बसले. मागणी एकच: विठ्ठलाचं देऊळ हरिजनांना उघडा. नेमक्या त्याच आठवड्यात, २८ एप्रिल ते २ मे, दिल्लीत संविधान सभा बसली होती आणि मूलभूत हक्कांचा मसुदा चर्चेला होता. अस्पृश्यता नष्ट करण्याचं कलम आणि धर्मस्वातंत्र्याचं कलम, दोन्ही त्याच बैठकीत आली. देश अजून स्वतंत्रही झालेला नव्हता! तारखांचं हे जुळणं मला दर वेळी थक्क करतं. अखेर देऊळ खुलं करण्याचं ठरलं आणि गुरुजींनी उपोषण सोडलं.

धर्मस्वातंत्र्य म्हटलं की सरकारने माणसाच्या श्रद्धेत हात घालू नये, एवढंच आपल्या मनात येतं. अमेरिकेच्या १७९१ सालच्या पहिल्या घटनादुरुस्तीचा भर तिथेच आहे. आपल्याकडे तेवढ्याने भागणारं नव्हतं, कारण इथे देवाच्या दाराशी माणसाला अडवणारं सरकार नव्हतं, माणसंच होती.

हा पेच नेमका पकडला तो दोन स्त्रियांनी. राजकुमारी अमृत कौर आणि मुंबईच्या हंसा मेहता मूलभूत हक्कांच्या उपसमितीत होत्या. धर्माच्या 'आचरणा'चा हक्क सरसकट दिला, तर पडदा, देवदासी, सती अशा प्रथाही त्या शब्दाच्या आड लपतील आणि पुढचे सुधारणेचे कायदे अडतील, ही त्यांची भीती. एका शब्दात केवढं दडलेलं असतं, हे त्यांनी ओळखलं.

म्हणून संविधानातलं आजचं पंचविसावं कलम सावकाश वाचण्यासारखं आहे. सुरुवात 'सर्व व्यक्तीं'पासून, फक्त नागरिकांपासून नाही. म्हणजे परदेशी पाहुणाही त्यात आला. सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य, धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क. त्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा, आणि इतर मूलभूत हक्कांचीही. शिखांच्या कृपाणाचाही स्पष्ट उल्लेख. आणि दुसऱ्या पोटकलमात समाजसुधारणेच्या कायद्यांना वाट ठेवून लगेच पुढे येतं ते देऊळ: हिंदूंच्या सार्वजनिक धर्मसंस्था सर्व वर्गांच्या हिंदूंना खुल्या करणारा कायदा राज्याला करता येईल. विवेकाचं स्वातंत्र्य आणि देवळाचा उंबरा एकाच कलमात! पंढरपूरच्या पायरीवर ताटकळलेल्यांचा प्रश्न देशाच्या मूळ कायद्यात असा उतरला.

संविधानाचा मसुदा ज्यांच्या अध्यक्षतेखाली तयार झाला, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. वर्षानुवर्षे चालूनही ते दार उघडलं नाही. १९३५ साली येवल्यात त्यांनी सांगितलं, हिंदू म्हणून मरणार नाही.

संविधान २६ जानेवारी १९५० पासून लागू झालं. उंबरा ओलांडायला आता कायद्याचं बळ होतं. पण बाबासाहेब पंचविसाव्या कलमातल्या पहिल्या ओळीकडे वळले, विवेकाच्या स्वातंत्र्याकडे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात, लाखोंच्या साक्षीने, त्यांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला.