‘असू दे, लागेल कधीतरी’

‘असू दे, लागेल कधीतरी’ हे वाक्य कधीच ऐकू आलं नाही असं घर सापडणं अवघड आहे. मिठाईचे रिकामे डबे, श्रीखंडाचे प्लास्टिकचे डबे, बंद पडलेला मिक्सर, दुकानांतून आलेल्या पिशव्या हे सगळं माळ्यावर आणि पलंगाखाली जमत असतं. त्यात वावगं काही नाही. जुन्या साड्यांची गोधडी शिवणं, जुने कपडे देऊन बोहारणीकडून भांडं घेणं ही आपल्याकडची जुनीच काटकसर. पण काटकसरीने ठेवलेली वस्तू आज ना उद्या वापरात येते. काही घरांत मात्र वस्तू येतात आणि परत बाहेर जातच नाहीत. हळूहळू पलंगावर झोपायला जागा उरत नाही, ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही, पाहुण्यांना बोलवायचा संकोच वाटू लागतो. कोणी रद्दीच्या गठ्ठ्याला हात लावला तरी रडारड होते. अशा वेळी हा केवळ स्वभावाचा किंवा आळसाचा प्रश्न राहत नाही, मानसिक आरोग्याचा होतो.

स्वतंत्र आजार म्हणून ओळख

या त्रासाला इंग्रजीत ‘होर्डिंग डिसऑर्डर’ म्हणतात. मराठीत ‘साठवणुकीचा विकार’ म्हणता येईल. पूर्वी तो ओसीडीचा, म्हणजे मंत्रचळेचा, एक प्रकार मानला जात असे. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने २०१३ साली आपल्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत त्याची स्वतंत्र नोंद केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही तो आहे. अमेरिका आणि युरोपातल्या पाहण्यांनुसार शंभरातल्या साधारण दोन ते सहा जणांमध्ये तो कमी-अधिक प्रमाणात आढळतो. सुरुवात बरेचदा किशोरवयात होते, पण जसजसं वय वाढतं तसा पसारा वाढत जातो आणि उतारवयात तो सगळ्यांच्या नजरेत येतो.

निदान करताना वस्तू किमती आहे की टाकाऊ, हे डॉक्टर बघत नाहीत. वस्तू सोडून देणं सतत जड जातं का, ती टाकायच्या नुसत्या विचाराने जीव कासावीस होतो का, आणि पसाऱ्यामुळे घरातली जागा ज्या कामासाठी आहे त्यासाठी वापरता येत नाही का, हे ते पाहतात.

हा त्रास किती टोकाला जाऊ शकतो, हे न्यूयॉर्कच्या होमर आणि लँगली कॉलियर या भावांच्या बाबतीत दिसलं. १९४७ साली दोघेही आपल्याच घरात मृतावस्थेत सापडले. लँगली सामानाच्या ढिगाखाली दबला होता, तर त्याच्यावर अवलंबून असलेला अंध होमर उपासमारीने गेला. त्या घरातून शंभर टनांहून अधिक सामान बाहेर काढावं लागलं.

वस्तूत मन का अडकतं?

वस्तू ‘माझी’ झाली की तिचं मोल वाढतं, हे आपल्या सगळ्यांच्याच बाबतीत खरं आहे. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना साधे कॉफीचे मग देण्यात आले. मग विकायला त्यांनी मागितलेली किंमत ही ज्यांच्याकडे मग नव्हता त्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या जवळपास दुप्पट होती.

साठवणुकीचा विकार असलेल्यांमध्ये ही ओढ जास्त तीव्र असते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड टोलिन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा व्यक्तींच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. त्यांच्या घरी आलेली जुनी कागदपत्रं ठेवायची की फाडायची, हे त्यांना ठरवायचं होतं. स्वतःच्या कागदांबद्दल निर्णय घेताना मेंदूतले धोका आणि महत्त्व जोखणारे भाग जास्त सक्रिय झाले. दुसऱ्यांच्या कागदांच्या वेळी तेच भाग नेहमीपेक्षा शांत होते. आपल्याला जी रद्दी दिसते, ती टाकताना त्यांच्या मेंदूत धोक्याची घंटा वाजत असते.

मग ही घंटा शांत कशाने होते? एडवर्ड लमे, मार्गारेट क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याचा एक धागा सापडतो. आपल्याला कोणीतरी आधार देतं, आपलं मानतं, ही भावना ज्यांच्या मनात आधी जागी केली गेली, त्यांनी स्वतःकडच्या वस्तूची किंमत इतरांपेक्षा कमी सांगितली. यात भाग घेणारे रुग्ण नव्हते, सर्वसामान्य लोक होते. तरीही माणसांचा आधार जाणवला की वस्तूंवरची पकड सैल होते, एवढं त्यातून दिसतं.

‘गरिबीत दिवस काढलेत, म्हणून साठवतात’ असं आपण सहज म्हणतो. पण बालपणीची आर्थिक चणचण आणि हा विकार यांचा ठोस संबंध संशोधकांना आढळलेला नाही. जवळच्या माणसाचा मृत्यू, हिंसा, नातं तुटणं असे धक्के मात्र या रुग्णांच्या आयुष्यात जास्त दिसतात. सोबतीला नैराश्य, चिंता आणि निर्णय घेण्यातली अडचणही असते. आनुवंशिकतेचाही त्यात वाटा असतो.

आतला आधार कसा तयार होतो?

आई किंवा काका गावाला गेले की मुलांनी ट्रक बोलावून घर रिकामं करायचं, हा प्रकार अनेक घरांत घडतो. इमारत पुनर्विकासाला गेली की घाई आणखी वाढते. पण त्या व्यक्तीच्या दृष्टीने ही चोरीच असते. विश्वास तुटतो, असुरक्षितता वाढते आणि काही महिन्यांत घर पुन्हा भरतं.

उपयोग होतो तो प्रामुख्याने कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीचा. त्यातल्या काही गोष्टी घरीही करता येतात.

● निर्णय ज्याची वस्तू त्यालाच घेऊ द्या. एका वेळी एकच खण, तोही पंधरा-वीस मिनिटं. सुरुवात फोटो, पत्रं यांपासून नको. जुनी बिलं, रिकाम्या बाटल्या यांपासून करावी.

● ‘ही नसली तर नेमकं काय होईल?’ याचं उत्तर कागदावर लिहावं. वस्तू दिल्यावर अस्वस्थता दहापैकी किती आहे, तेही लिहावं. आठवड्याने कागद पुन्हा पाहावा. भीती वाटली तसं काही झालं नाही आणि अस्वस्थताही उतरली, हा अनुभव पुन्हा पुन्हा आला की ‘नसलं तरी निभावतं’ हा विश्वास येतो. आतली सुरक्षितता अशीच थोडी थोडी साठत जाते.

● नवीन येणाऱ्या वस्तूंना आवर घालावा. ‘फुकट मिळतंय’ आणि ‘सेल लागलाय’ या दोन्ही वेळी एक दिवस थांबावं.

● आठवण वस्तूत नसून आपल्यात असते. नातवंडांना त्या वस्तूची गोष्ट सांगावी, फोटो काढून ठेवावा, मग ती गरजूला द्यावी.

● घरच्यांनी पसारा हा एकच विषय काढू नये. जेवलात का, फिरायला येता का, हेही विचारावं. एकटेपणा कमी झाला की वस्तूंची सोबत कमी लागते.

उतारवयात साठवण्याची सवय अचानक सुरू झाली तर स्मृतिभ्रंशाची तपासणी जरूर करावी. वाटेतल्या सामानाला अडखळून पडण्याचा किंवा आग लागण्याचा धोका असेल, तर निदान दारापर्यंतची वाट आणि गॅसच्या शेगडीभोवतीची जागा लगेच मोकळी करायला हवी. या दोन जागांबद्दल बोलताना ‘पसारा’ हा शब्द न काढता ‘तुम्ही पडू नये म्हणून’ असं सांगावं. पुढच्या मदतीसाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं किंवा ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर फोन करावा. रुग्ण यायला तयार नसेल, तर घरच्यांनी आधी स्वतः बोलून घेतलं तरी चालतं.