जुने छपाईयंत्र आणि आमची परखी

संपादक मंडळाच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावयास बसलो आहोत. आम्ही लेखक नव्हे. बेळगावच्या रविवार पेठेत चाळीस वर्षांहून अधिक काळ धान्याचा घाऊक व्यापार केला, शिक्षण एस.एस.एल.सी.पर्यंतचे, आणि लेखणीचा संबंध काय तो रोजकीर्द-खतावणीपुरता. तथापि यंदा ज्वारी-तुरीविषयी न लिहिता पाट्या छापण्याच्या जुन्या यंत्राविषयी लिहीत आहोत, याचे वाचकांस नवल वाटेल. कारण इतकेच की आपल्या समाजातील अनेक घरांतील तरुण मुले आता पेढीवर बसण्यास राजी नसून फ्लेक्स, व्हिनाईल, दुकानांचे फलक अशा धंद्यांकडे वळत आहेत. आणि भांडवल बेताचे असल्याने त्यांची पहिली धाव जुन्या यंत्राकडेच असते. त्या वाटेवर आम्हांस जी ठेच लागली, ती पुढच्यास लागू नये, हा या लेखाचा हेतू.

आमचे धाकटे बंधू अकाली निवर्तले. त्यांच्या चिरंजीवास धान्याच्या धुळीचा त्रास आणि हात चित्रकलेचा. त्याने एका पेंटरच्या हाताखाली पाट्या रंगविण्याचे काम शिकून घेतले. पण कुंचल्याचे दिवस सरत आले होते. संगणकावर अक्षरे जुळवावयाची आणि बाहेरून छापून आणावयाची, यात नफा छापणाऱ्याच्या पदरी पडे. सबब आपलेच यंत्र असावे, असे त्याच्या मनाने घेतले.

२०२१ साली, टाळेबंदीनंतर, अनेकांचे धंदे बसले होते व यंत्रे विक्रीस निघाली होती. शेजारच्या जिल्ह्यातील एका गावी दहा फुटी फ्लेक्सचे, चार हेडांचे यंत्र दोन लक्ष पंचाहत्तर हजारांस मिळत असल्याचे समजले. आम्ही चुलते-पुतणे पाहावयास गेलो. मालकाच्या वडिलांशी आमची जुनी ओळख निघाली. चहापाणी झाले. भिंतीवर एक सुंदर रंगीत फलक लावलेला होता. “काका, सकाळीच छापला आहे,” असे मालक म्हणाले. वीज नसल्याने यंत्र चालवून दाखविता आले नाही. आम्ही तेथेच विसार देऊन मोकळे झालो.

वाचकहो, ज्या गृहस्थाने उभ्या आयुष्यात परखी लावल्यावाचून एक पोते घेतले नाही, ज्याने सख्ख्या मेहुण्याच्या मालातूनही मूठभर दाणे तळहातावर घेऊन, दाताखाली फोडून ओल पाहिली, त्याने पावणेतीन लाखांचे यंत्र भिंतीवरील चित्र पाहून घ्यावे, याला काय म्हणावे? त्या रकमेपैकी एक लक्ष रुपये आमच्या धाकट्या भावजयीने आपल्या पाटल्या मोडून दिले होते. “भाऊजी, तुम्ही पाहिलेत ना, मग झाले,” एवढेच ती बोलली. ते शब्द आम्हांस आजही बोचतात.

यंत्र घरी आले, जोडले, आणि चारांपैकी दोन हेड निकामी असल्याचे उघड झाले. काळा रंग अर्धाच उतरे आणि गुलाबी तर जवळजवळ नाहीच. कित्येक महिने बंद राहिल्याने शाई आतल्या आत वाळून गेली होती.

पुढे यंत्रदुरुस्ती करणाऱ्या एका जाणत्या कारागिराच्या संगतीत राहून आम्ही ही विद्या शिकलो. ती येथे क्रमाने देतो.

प्रथम काम ठरवावे, मग यंत्र. दहा फुटी, म्हणजे ३.२ मीटर रुंदीचे सॉल्व्हंट शाईचे यंत्र हे मोठ्या फलकांसाठी आहे. त्या शाईस उग्र वास असतो. हवा बाहेर टाकणारा पंखा व मोकळी जागा लागते. दुकानाच्या पाट्या, काचेवर किंवा गाडीवर चिकटविण्याचे व्हिनाईल, आतून दिवा असणारे फलक अशा कामांस सहा फुटी, म्हणजे १.८ मीटरचे इको-सॉल्व्हंट यंत्र पुरते. त्याचा वास सौम्य व अक्षर अधिक रेखीव. याखेरीज लॅटेक्स आणि यूव्ही असेही प्रकार आहेत. यूव्ही यंत्रात शाई विशिष्ट किरणांनी तत्काळ सुकविली जाते. आमच्या पुतण्यास गरज होती सहा फुटीची, आणि स्वस्त मिळते म्हणून आम्ही आणले दहा फुटी. ज्याला चिवड्यासाठी पोहे हवेत त्याने स्वस्त म्हणून भाताची गाडी घ्यावी, तसाच हा प्रकार झाला.

दुसरी गोष्ट हेडाची. हेड म्हणजे या यंत्राचे काळीज. त्यात डोळ्यांस न दिसणारी शेकडो छिद्रे असतात. त्यांस नोझल म्हणतात. आमच्या यंत्राच्या एकेका हेडास अशी ५१२ छिद्रे होती व त्यांतून तीस पिकोलिटरचा थेंब पडे. एका लिटरचे एक लाख कोटी भाग केले असता त्यांतील एक भाग म्हणजे पिकोलिटर. इतक्या सूक्ष्म वाटेत शाई वाळली म्हणजे काय अनर्थ होतो, हे सांगणे नको. यंत्राकडून ‘नोझल चेक’ नावाचा नमुना छापून घेता येतो. त्यात प्रत्येक छिद्राची एक बारीक रेघ उमटते; जेथे रेघ नाही ते छिद्र बंद, जेथे रेघ वाकडी ते अर्धवट तुंबलेले. हीच या धंद्यातील परखी होय.

मात्र परखी केव्हा लावावी, यालाही महत्त्व आहे. हेड नुकतेच धुतले असता पहिला नमुना स्वच्छ येतो व तासाभराने रेघा गळू लागतात. म्हणून विक्रेत्यास आगाऊ सांगून ठेवावे की आम्ही येईपर्यंत यंत्र सुरू करू नये. गार यंत्रावर पहिला नमुना घ्यावा, तासभर सलग काम चालवावे, आणि मग पुन्हा नमुना घ्यावा. दोन्ही कागद शेजारी ठेवून रेघा ताडून पाहाव्यात. शिवाय चारही रंगांचा एकेक गडद पट्टा छापावा. त्यात आडव्या फिकट रेषा दिसल्या तर दोष हेडाचा किंवा कापड पुढे सरकविणाऱ्या यंत्रणेचा असतो.

छापावयाचा मजकूर आपला आपण न्यावा. विक्रेता दाखवील ते फुलाफळांचे चित्र दोष झाकते. बारीक अक्षर दोष दाखविते. आम्ही दुसऱ्या खेपेस मराठी व कन्नड बारीक अक्षरांचा मजकूर नेला. हेड जाताना आणि येताना दोन्ही वेळा छापते. त्या दोहोंचा मेळ नसेल तर अक्षराच्या कडा दुहेरी दिसतात. तसेच वीस फूट लांब पट्टा छापून तो तिरका जातो काय ते पाहावे, आणि एक मीटरची म्हणून छापलेली रेघ मोजपट्टीने एक मीटरच भरते काय ते तपासावे. वजनकाट्याची पारख करणाऱ्यास हे सांगणे न लगे.

तिसरी गोष्ट अवयवांची. वीज बंद असताना हेडांचा गाडा हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश सरकवून पाहावा; कोठे अडकला किंवा खडखडला तर रूळ झिजला असे समजावे. गाड्याच्या मार्गावर बारीक रेघांची एक पारदर्शक पट्टी असते, तिला एन्कोडर स्ट्रिप म्हणतात. गाडा नेमका कोठे आहे हे यंत्र तिच्यावरून जाणते. ती ओरखडलेली वा शाईने माखलेली असेल तर छपाई भरकटते. हेड झाकून ठेवणारी टोपी, ते पुसणारी रबरी पट्टी, शाईच्या नळ्या आणि डॅम्पर ही झिजणारी अंगे आहेत. ती जुनी असली तरी बदलता येतात. पण त्यांची अवस्था पाहून मालकाने यंत्र कसे वागविले हे कळते. बैलाचे खूर पाहून धन्याची पारख होते, तसेच हे.

चौथी गोष्ट न दिसणारी. संगणकावरील चित्र यंत्रास समजेल अशा थेंबांच्या भाषेत उतरविणारी एक प्रणाली असते, तिला रिप म्हणतात. पुष्कळदा ती एका छोट्या किल्लीवाचून चालत नाही. ती किल्ली, प्रणालीचा मूळ परवाना आणि शक्य तर तो चालू संगणकही सौद्यातच मागून घ्यावा. कोणती शाई वापरली जाते हेही विचारावे. शाईची जात बदलावयाची तर आधी संपूर्ण मार्ग धुऊन काढावा लागतो. आणि आपल्या गावी त्या यंत्राचे सुटे भाग व कारागीर मिळतात काय, याची चौकशी सौद्यापूर्वी करावी.

पाचवी गोष्ट कागदपत्रांची. बँकेच्या कर्जावर घेतलेले यंत्र बहुधा बँकेकडे नजरगहाण असते. म्हणून मूळ खरेदीचे बिल व कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. विक्रेता नोंदणीकृत असेल तर जीएसटीचे रीतसर बिल घ्यावे. दुसऱ्या राज्यातून ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा माल आणताना ई-वे बिल लागते, हे आपणां व्यापाऱ्यांस ठाऊकच आहे. पण घाईत विसरते.

सहावी गोष्ट आणण्याची. छपाईची रुंदी दहा फूट असली तरी यंत्राची लांबी त्याहून चार-पाच फूट अधिक भरते. दार, जिना आणि बोळ आधी मोजावेत. शाई काढून, हेडांत धुण्याचे द्रावण भरून, ते झाकून आणि गाडा घट्ट बांधून मगच यंत्र हलवावे. नव्या जागी ते समपातळीत बसवून पक्के अर्थिंग करावे.

सातवी गोष्ट कायद्याची. कर्नाटक सरकारने मार्च २०१६ मध्ये प्लॅस्टिकच्या फ्लेक्स-बॅनरवर बंदी घातली. पुढे १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी बॅनर देशभर निषिद्ध झाले. केवळ फ्लेक्सच्या भरवशावर यंत्र घेणाऱ्याने हे आधी ध्यानी घ्यावे. उलटपक्षी २०२४ साली कर्नाटकात दुकानांच्या पाट्यांवर किमान साठ टक्के कन्नड असावी असा कायदा झाला आणि पाट्या बदलण्याचे काम वाढले. जो कायदा एकाचे काम थांबवितो तोच दुसऱ्यास काम देतो. पाहून पाऊल टाकणारा तरतो.

किमतीचा आमचा हिशेब साधा आहे. मागितलेल्या रकमेत सर्व हेड नवे घालण्याचा खर्च, वाहतूक, कारागिराची मजुरी आणि यंत्र बंद राहील त्या महिन्याचे दुकानभाडे मिळवावे. ही बेरीज नव्या यंत्राच्या किमतीच्या जवळ जात असेल तर जुने यंत्र स्वस्त नव्हे, महाग आहे.

आता त्या पहिल्या यंत्राचे काय झाले ते सांगितले पाहिजे. एक हेड नवे घातले, दुसरे धुऊन कामचलाऊ केले, तरी ते मधूनमधून रेघा गाळी. २०२२ साली ते विकावयाचे ठरले. एका तालुक्याच्या गावचा तरुण घेण्यास आला. दीड लाखास तो राजी होता व कसलीच चौकशी करीत नव्हता. आदल्या दिवशी एकाने सल्ला दिला होता, “ऐनवेळी हेड धुऊन घ्या, पहिला कागद झकास येईल.” पुतण्या आमच्या तोंडाकडे पाहत होता. खरे सांगतो, क्षणभर आमचेही मन चळले. आमचे बुडालेले पैसे कोणी परत केले होते? पण समोरच्या पोराच्या चेहऱ्यावर आम्हांस २०२१ सालचे आम्हीच दिसलो. त्याच्याही घरी कोणी पाटल्या मोडल्या असतील. खोट्या मालास खऱ्याचे रूप देऊन विकणे हा आपल्या अचौर्याणुव्रताचा अतिचार म्हणून सांगितला आहे. लहानपणी पाठ केलेले ते त्या दिवशी अंगावर आले. आम्ही पुतण्यास म्हणालो, “यंत्र तासभर चालव आणि मग नमुना काढ.” गळालेल्या रेघांवर पेन्सिलीने खुणा करून तो कागद त्या तरुणाच्या हाती दिला. त्याने चाळीस हजार कमी केले आणि यंत्र नेले.

ते चाळीस हजार आमच्या खतावणीत तोट्याच्या बाजूस आहेत. पण तोच तरुण आज आपले व्हिनाईलचे काम आमच्या पुतण्याकडे पाठवितो. २०२३ साली पुतण्याने वर सांगितलेली प्रत्येक परीक्षा करून, कारागिरास दिवसाची मजुरी देऊन सोबत नेऊन, सहा फुटी जुने यंत्र घेतले. ते चालत आहे. भावजयीच्या पाटल्या अद्याप झालेल्या नाहीत. सोन्याचा भाव पाहता त्या पूर्वीच्या वजनाच्या होतील असेही नाही. परंतु दर महिन्यास त्यासाठी काही रक्कम बाजूस पडते, आणि तिचा हिशेब आम्ही स्वतः लिहितो.

असो. ओळख चहापुरती ठेवावी, सौदा परखीवर करावा. आणि विकावयाची वेळ आपल्यावर आली तर परखी आपण होऊन गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी. सभासद बंधूंच्या मुलांपैकी एकाचे जरी पैसे या लेखाने वाचले, तरी आमच्या तोट्याचे चीज झाले असे आम्ही समजू.