चाकांवरचं घर: दुरुस्तीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोटरहोम स्वतः सजवण्याची आणि सांभाळण्याची हौस आपल्याकडे आता रुजू लागली आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं. पुण्याच्या फोर्स मोटर्सची ट्रॅव्हलर किंवा एखादी जुनी व्हॅन घेऊन तिच्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि सोलर बसवणारी कुटुंबंही दिसू लागली आहेत. ही हौस चांगली आहे. गाडीच्या आत काय कुठे जोडलं आहे हे ज्याला ठाऊक असतं, तो आडरानात अडकून पडत नाही.

अडचण वेगळीच आहे. बहुतेक चुका घरातला अनुभव जसाच्या तसा गाडीला लावल्यामुळे होतात. घर हादरत नाही, गाडी सतत हादरते. घरात २३० व्होल्टची वीज असते, गाडीत १२ व्होल्टची. घरात चार कपाटं वाढली तरी पायाला काही होत नाही, गाडीत मात्र प्रत्येक किलो टायर आणि ब्रेकवर येतो. वारंवार कानावर येणारे काही समज म्हणूनच तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज १: गाडी माझी, तिच्यात हवा तो बदल मी करीन.

वस्तुस्थिती: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तिकेतल्या म्हणजे आरसीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. सीट काढून पलंग बसवला की आसनक्षमता बदलते. छत कापून उंच केलं की सांगाडा बदलतो. दोन्ही गोष्टी आरटीओच्या अखत्यारीतल्या आहेत. बेकायदा बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडतो. मोटर कॅरव्हानसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. सांगाड्याला हात लावायचा असेल तर त्या मानकाप्रमाणे काम करणाऱ्या बॉडी बिल्डरकडेच जावं. सुटा पलंग, उचलून बाहेर काढता येणारी स्वयंपाकाची पेटी, हातात नेता येणारा बॅटरी संच यांनी आरसीतली नोंद बदलत नाही. हौशी माणसाने सुरुवात इथूनच करावी.

गैरसमज २: जागा आहे तोवर सामान भरता येतं.

वस्तुस्थिती: जागा आणि वजन हे दोन वेगळे हिशेब आहेत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे शंभर लिटरची टाकी भरली की दीड माणसाचं वजन गाडीत आलं. त्यात प्लायवुडची कपाटं, बॅटरी, छतावरचा तंबू, सिलिंडर आणि प्रवासी मिळवा. आरसीवर लिहिलेलं एकूण अनुज्ञेय वजन ओलांडलं तर ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं, टायर तापतो आणि स्प्रिंगची पानं थकतात.

अंदाजावर राहू नये. गावोगावी वजनकाटे आहेत. टाकी भरून, सामान लावून, सगळी माणसं बसवून गाडी काट्यावर न्यावी. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळीही तोलून घ्यावीत. मागच्या दारावर जड सायकली किंवा जनरेटर टांगला की मागचा ॲक्सल दबतो आणि पुढची चाकं हलकी होतात. मग घाटात स्टिअरिंग सैल वाटू लागतं. जड वस्तू खाली आणि दोन ॲक्सलच्या मध्ये ठेवाव्यात.

गैरसमज ३: टायरची नक्षी शाबूत आहे, म्हणजे टायर चांगला.

वस्तुस्थिती: मोटरहोम धावतं कमी आणि उभं जास्त राहतं. त्यामुळे नक्षी झिजण्याआधीच रबर म्हातारं होतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ असं लिहिलं असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. दहा वर्षांचा टायर दिसायला कसाही असो, काढून टाकावा. कडेला बारीक भेगा दिसल्या तर त्याआधीच काढावा.

हवा टायर थंड असताना मोजावी. टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. किती हवा भरायची ते चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेलं असतं. धावून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडू नये, नाहीतर थंड झाल्यावर ती कमी पडते.

गैरसमज ४: बॅटरी ती बॅटरी, कुठलीही चालते.

वस्तुस्थिती: इंजिनची बॅटरी काही सेकंद प्रचंड करंट देण्यासाठी बनवलेली असते. तिच्या आतल्या प्लेटा पातळ असतात. रात्रभर पंखा आणि दिवे चालवून ती वारंवार उतरवली तर काही महिन्यांत निकामी होते, आणि सकाळी गाडीही सुरू होत नाही. राहण्याच्या भागाला वेगळी, खोलवर उतरली तरी टिकणारी बॅटरी लागते.

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी पलंगाखाली ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडतो आणि ती कलंडली तर ॲसिड सांडतं. झोपण्याच्या बंद जागेत ती ठेवू नयेच. ठेवायची झाली तर बाहेर वाट असलेल्या, घट्ट बांधलेल्या पेटीत.

लेड-ॲसिड बॅटरीची साधारण निम्मीच क्षमता वापरावी. १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीतून व्यवहारात सुमारे अर्धं युनिट वीज मिळते. चार्जिंग आणि भार दोन्ही बंद करून काही तासांनी मल्टीमीटर लावावा. १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. रिकामी तशीच ठेवली तर प्लेटांवर सल्फेट जमतं आणि क्षमता कायमची घटते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी असते आणि तिची बहुतेक क्षमता वापरता येते. पण जुनी काढली आणि ही लावली, इतकं ते सोपं नाही. ती अल्टरनेटरमधून एवढा करंट ओढू शकते की तो तापून जळतो. म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवावा. शून्य अंशाखालच्या तापमानात ती चार्ज करू नये. लडाख किंवा स्पितीला निघालेल्यांनी हे विसरू नये. शिवाय तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सारखंच राहतं, त्यामुळे किती वीज उरली ते व्होल्टवरून कळत नाही. आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट मोजणारा मॉनिटर लागतो.

गैरसमज ५: छतावर सोलर बसवलं की एसी फुकट.

वस्तुस्थिती: हिशेब मांडून पाहू. छतावर आडवं बसवलेलं २०० वॅटचं पॅनेल आपल्याकडच्या स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण पाऊण युनिट वीज देतं. एक टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला सुमारे एक युनिट खातो. दिवसभराची कमाई तासाभरात संपली.

याच पाऊण युनिटात १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रीज, एलईडी दिवे आणि मोबाइल चार्जिंग मात्र भागतं. पंखा रात्रभर चालवायचा असेल तर थोडं मोठं पॅनेल घ्यावं. म्हणून आधी प्रत्येक उपकरणाचे वॅट गुणिले तास असा तक्ता करावा आणि मगच पॅनेल विकत घ्यावं. दोन गोष्टी आणखी ध्यानात ठेवाव्यात. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर छतावरच्या पेटीची सावली पडली तरी उत्पादन बरंच खाली येतं. आणि पॅनेल छताला चिकटवून न टाकता खालून वारा खेळेल इतकी फट ठेवावी, कारण पॅनेल तापलं की वीज कमी मिळते.

गैरसमज ६: फ्यूज सारखा उडतो, मग मोठा लावा.

वस्तुस्थिती: फ्यूज मुख्यतः वायर वाचवण्यासाठी असतो. वायर झेपवते त्याहून मोठा फ्यूज टाकला तर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर पेटते. सारखा उडणारा फ्यूज कुठेतरी दोष आहे असं सांगत असतो. तो दोष शोधायला हवा.

१२ व्होल्टच्या जगात करंट फार मोठा असतो. १,२०० वॅटची इंडक्शन शेगडी घरात सुमारे पाच अँपिअर घेते. गाडीत इन्व्हर्टरवर तीच शेगडी बॅटरीतून शंभराहून जास्त अँपिअर ओढते. तिथे करंगळीएवढी जाड केबल लागते. वायर लांब आणि बारीक असेल तर वाटेत एक व्होल्ट सहज गळतो. २३० मधला एक व्होल्ट जाणवतही नाही, पण १२ मधला एक गेला म्हणजे आठ टक्के गेले. फ्रीज कुरकुरत बंद पडतो आणि आपण दोष फ्रीजला देतो.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. घराची एकतारी वायर वापरू नये, ती हादऱ्यांनी तुटते. अनेक बारीक तारांची लवचिक वायर घ्यावी. तारा पिळून वर टेप गुंडाळलेला जोड गाडीत टिकत नाही, योग्य मापाचा लग दाबून बसवावा. पत्र्यातून वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट घालावा.

गैरसमज ७: गळतंय तिथे सिलिकॉन भरलं की काम झालं.

वस्तुस्थिती: पाणी जिथे दिसतं तिथूनच ते आत आलेलं असेल असं नाही. छतावरच्या झरोक्याच्या स्क्रूतून शिरलेला थेंब अस्तराच्या आतून वाहत जाऊन खिडकीच्या कोपऱ्यात प्रकटतो. आतून बुजवलं तर पाणी लाकडात मुरतं, प्लाय फुगतो आणि पत्रा आतून गंजतो. गळती नेहमी बाहेरून बंद करायची असते.

बाथरूमचं सिलिकॉन इथे मुळीच वापरू नये. आंबट वासाचं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि त्याने पत्रा गंजायला मदत होते. शिवाय एकदा सिलिकॉन लागलेल्या जागेवर पुढे रंग किंवा दुसरं सीलंट धरत नाही. चौकटीखाली ब्युटाइल टेप आणि कडेने वाहनांसाठीचं पॉलियुरेथेन सीलंट, ही जोडी चालते. जुन्या थरावर नवा थर चढवणं म्हणजे गळती झाकणं. जुनं खरवडून, पुसून, कोरडं करून मगच नवं लावावं. कोकणातल्या पावसाआधी, मे महिन्यात, छतावरचा प्रत्येक स्क्रू आणि सांधा पाहून घ्यावा. मग एकाने बाहेरून खालपासून वरपर्यंत पाइपने हळूहळू पाणी मारावं आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसावं. मूळ जागा अशीच सापडते.

गैरसमज ८: गॅस गळला तर वास येईलच.

वस्तुस्थिती: वास येतो, पण झोपलेल्या माणसाला जाग येईलच याची खात्री नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो खिडकीतून बाहेर न जाता फरशीवर साचतो आणि हवेत सुमारे दोन टक्के मिसळला तरी पेटू शकतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतल्या बाजूने पूर्ण बंद आणि तळाशी बाहेर उघडणारा हवा. गॅसचा अलार्म जमिनीलगत लावावा.

कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. शेगडी, हीटर, कोळशाची सिगडी किंवा जवळ चालू असलेला जनरेटर, कशातूनही तो येऊ शकतो. तो हवेइतकाच जड असतो, म्हणून त्याचा अलार्म झोपेत डोकं जिथे असतं त्या उंचीला हवा. थंडी कितीही असो, गाडी बंद करून आत सिगडी पेटवून झोपू नये.

रबरी नळी आयएसआय खुणेची सुरक्षा नळी असावी आणि पाच वर्षांनी बदलावी. सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत, काडी पेटवून कधीच नाही. हे तपासणं आपलं काम आहे. कायमची गॅस लाइन टाकणं मात्र जाणकाराकडेच सोपवावं.

गैरसमज ९: उभ्या गाडीचं इंजिन आठवड्याला पाच मिनिटं चालवलं की पुरे.

वस्तुस्थिती: पाच मिनिटांत स्टार्टरने खाल्लेली वीजही बॅटरीत नीट परत येत नाही. इंजिन पुरेसं तापत नाही आणि सायलेन्सरमधला दमटपणा तसाच राहतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळण्यासाठी धावत्या गाडीची उष्णता लागते. नुसत्या आयडलिंगने तो तुंबतो. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवावी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून किलोमीटर कमी झाले असले तरी साधारण दोन वर्षांनी बदलावं.

गैरसमज १०: टाकीत नळाचंच पाणी आहे, त्यात काय बिघडणार?

वस्तुस्थिती: उन्हात तापलेल्या टाकीत क्लोरीन उडून जातो आणि शेवाळाचा थर धरतो. दर हंगामाला टाकी धुवावी. पाच टक्के हायपोक्लोराइट असलेलं, सुगंध नसलेलं द्रावण एक लिटर पाण्याला एक मिलिलिटर या प्रमाणात घालावं. सगळे नळ सोडून ते पाइपांत भरून घ्यावं, काही तास ठेवावं, मग रिकामं करून वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवावं. शौचालयाची टाकी ओढ्याकाठी किंवा शेताच्या बांधावर कधीही रिकामी करू नये.

आधी काय घ्यावं?

खरेदीची सुरुवात सहसा छत्रीसारखी उघडणारी कनात आणि टीव्हीपासून होते. क्रम बदलावा. आधी मल्टीमीटर, टायरमधली हवा मोजायचं गेज, दोन्ही अलार्म आणि दाराजवळ हाताला येईल असं एबीसी पावडरचं अग्निशामक नळकांडं. नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे दर महिन्याला बघावं. बाकीचं नंतर.

साफसफाई, सीलंट, टाकी, दिवे, बॅटरीची तपासणी, टायरची हवा ही कामं आपल्या हातची आहेत आणि ती आपणच करावीत. ब्रेक, सांगाडा, गॅस लाइन आणि २३० व्होल्टची जोडणी त्या-त्या कारागिराची. पुढच्या सहलीला निघण्याआधी एवढं तरी नक्की करा: भरलेली गाडी वजनकाट्यावर न्या, टायरचं साल वाचा आणि अलार्मचं बटण दाबून तो वाजतो का ते पाहा.