कडवट बिअर आणि तिच्या नावातील हिंदुस्थान

सावरगावाहून पुण्यामुंबईस नोकरीकरिता गेलेली मुले सणासुदीला घरी येतात, तेव्हा त्यांच्या गप्पांत अलीकडे एक नवाच वाद कानी पडतो. 'इंडिया पेल एल' या बिअरचा अस्सल प्रकार कोणता? एका पक्षाला ती स्वच्छ, आरपार दिसणारी व जिभेला झोंबेल इतकी कडू हवी. दुसऱ्याला गढूळ, मऊ आणि फळांच्या वासाची हवी. श्रोतेहो, पेय कोणाला रुचावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु या वादाच्या मुळाशी जो इतिहास आहे, तो आपल्या इकडचा आहे, म्हणून त्याचा विचार करू.

बिअर होते ती मोड आणून वाळवलेल्या सातूपासून. तिला कडवटपणा येतो तो हॉप नावाच्या वेलीच्या फुलोऱ्यामुळे. हा फुलोरा उकळला की त्यातील राळेसारखी द्रव्ये कडू होतात आणि बिअर आंबवून नासवणाऱ्या पुष्कळ जंतूंना आवरतात. आपण लोणच्यात मीठ घालतो ते आधी टिकण्यासाठी. चव मागाहून अंगवळणी पडते. हॉपचेही तसेच आहे.

आता प्रचलित कथा अशी की, इंग्लंडहून निघालेली बिअर हिंदुस्थानात पोचेपर्यंत नासत असे, म्हणून लंडनच्या हॉजसन नावाच्या व्यापाऱ्याने जास्त हॉप घालून ही नवी बिअर शोधून काढली. कथा सुटसुटीत आहे, पण निम्मीच खरी आहे. उष्ण देशांस पाठवावयाच्या बिअरमध्ये हॉप अधिक घालावे, हे इंग्रज कारागिरांना अठराव्या शतकातच ठाऊक होते. शिवाय साध्या सैनिकांसाठी येणारी काळी पोर्टर बिअरही इकडे सुखरूप पोचत असे. फिकट एल ही मुख्यतः अधिकाऱ्यांची व मुलकी नोकरांची. हॉजसनची खरी हुशारी वेगळीच होती. त्याची भट्टी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्यापासून जवळ होती, आणि तो कप्तानांना लांब मुदतीची उधारी देत असे. चारसहा महिन्यांच्या प्रवासात, दोनदा विषुववृत्त ओलांडताना, पिंपातली एल नासण्याऐवजी मुरत असे.

1818 साली पेशवाई बुडाली आणि दख्खनेत इंग्रजी छावण्या स्थिरावल्या, गिऱ्हाईक वाढले. पुढे हॉजसनच्या वारसांनी कप्तानांना वगळून सारा नफा आपणच घ्यावयाचे ठरविले, तेव्हा 1822 च्या सुमारास कंपनीच्या एका संचालकाने बर्टन गावच्या ऑलसॉपला ही बिअर करण्याची गळ घातली. बर्टनच्या विहिरींचे पाणी जिप्समयुक्त. त्यात कडवटपणा अधिक स्वच्छ उतरतो. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव छापलेले आढळते ते मात्र 1829 साली, आणि तेही ऑस्ट्रेलियातील एका वृत्तपत्रात!

विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ही बिअर सौम्य होत गेली. तिला नवे आयुष्य दिले अमेरिकेने. तेथे 1972 साली 'कॅस्केड' नावाची हॉपची जात प्रसृत झाली. तिला पपनसाच्या सालीसारखा वास येतो. सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्राबागांत वाढलेल्या माणसाला हा वास नवा नाही. संत्र्याच्या सालीतील सुगंधी तेलात जी काही द्रव्ये असतात, ती हॉपमध्येही सापडतात. पेल्यात संत्रे नसते, तरी त्याचा भास होतो. पश्चिम किनाऱ्यावरच्यांनी कडवटपणावर भर दिला, व्हर्मांटकडील मंडळींनी वासावर. तेच हे दोन पक्ष.

महाराष्ट्रात 2009 साली पुण्यात 'डूलॅली' ही छोटी भट्टी निघाली. नाव परके वाटते, पण ते नाशिकजवळच्या देवळालीचा अपभ्रंश आहे. तेथील छावणीत मायदेशाच्या जहाजाची वाट पाहून कंटाळलेल्या गोऱ्या शिपायांमुळे इंग्रजीत त्या शब्दाला 'डोके फिरलेला' असा अर्थ चिकटला. ज्या पुण्याकडे एकेकाळी ही एल समुद्रापलीकडून येई, तेथेच ती आता तयार होते.

मग अस्सल कोणती? माझ्या मते दोन्ही नव्हेत. जुनी एल टिकण्यासाठी घडविलेली होती, मुरूनच ती चांगली होई. आजची, विशेषतः गढूळ प्रकारची, अगदी नाजूक. फुलोरा उकळीनंतर भरपूर घातलेला असल्याने तिचा सुगंध थोड्या आठवड्यांतच उडू लागतो. उष्णतेने तो आणखी लवकर जातो, आणि पारदर्शक बाटलीवर ऊन पडले तर हॉपमधील कडू द्रव्यांपासून उग्र दुर्गंध तयार होतो. म्हणजे एकाने पुण्यात भट्टीशेजारी बसून प्यालेला पेला आणि दुसऱ्याने मे महिन्यात दुकानाच्या फळीवर तापलेली बाटली, यांवरून वाद चालला असेल, तर नाव एक असले तरी बोलणे दोन निराळ्या वस्तूंविषयी चाललेले असते.